अलेक्झांडर लेबेदेव : बँकर ते वृत्तपत्रमालक – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लंडनच्या ट्यूब (भूमिगत रेल्वे) स्टेशनबाहेर 'इव्हनिंग स्टँडर्ड' या दैनिकाचा फुकट अंक उचलणाऱ्या अनेक मराठी वाचकांनाही एक प्रश्न पडत असे : रशियन गुप्तहेर खात्यातून आलेल्या बँकरने ब्रिटनची दोन नामांकित दैनिके एकेका पौंडात कशी काय घेतली? या पानावर त्या व्यवहारांचा हिशेब आहे आणि त्यामागच्या कारकिर्दीचाही. वृत्तपत्राचा मालक कोण, एवढे कळून फारसे काही हाती लागत नाही. त्याच्याकडे किती टक्के आहेत, तोटा कोणाच्या खिशातून भरला जातो आणि तो खिसा कोणत्या देशातल्या कोणत्या धंद्याने भरतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की बाकीचे बरेचसे उलगडते. लेबेदेव यांची गोष्ट मुळात याच तीन प्रश्नांची आहे.

लेबेदेव नावाचे अनेक रशियन बातम्यांत येतात. हे नेमके कोण?

अलेक्झांडर येवगेन्येविच लेबेदेव, जन्म मॉस्को, १६ डिसेंबर १९५९. रशियातली नॅशनल रिझर्व्ह बँक चालवलेले बँकर, रशियन संसदेचे माजी सदस्य, 'नोवाया गझेता' या मॉस्कोतल्या पत्राचे एकेकाळचे भागधारक आणि लंडनच्या दैनिकांचे खरेदीदार.

सर्वात जास्त घोळ होतो तो प्लातोन लेबेदेव यांच्याशी. तेही बँकिंगमधलेच, पण मेनातेप गटातले. मिखाईल खोदोरकोव्स्की यांचे भागीदार आणि युकोस या तेल कंपनीच्या खटल्यात त्यांच्याबरोबर तुरुंगात गेलेले. दुसरा घोळ जनरल अलेक्झांडर लेबेद यांच्याशी होतो. ते लष्करी अधिकारी, पुढे क्रास्नोयार्स्कचे राज्यपाल झाले आणि २००२ मध्ये हेलिकॉप्टर अपघातात गेले. या तिघांचा परस्परांशी नात्याचा काही संबंध नाही.

ते खरोखर केजीबीत होते का?

होय, आणि त्यांनी ते कधी लपवलेले नाही. वडील तांत्रिक शिक्षणसंस्थेत प्राध्यापक, आई इंग्रजीची शिक्षिका. मॉस्कोच्या आंतरराष्ट्रीय संबंध संस्थेतून त्यांनी १९८२ मध्ये अर्थशास्त्राचे शिक्षण पूर्ण केले. ही संस्था म्हणजे सोव्हिएत परराष्ट्र खात्याची भरतीशाळाच. तिथून ते केजीबीच्या पहिल्या मुख्य संचालनालयात, म्हणजे परदेशी हेरगिरी पाहणाऱ्या विभागात गेले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या सोव्हिएत दूतावासात त्यांची नेमणूक झाली. वरकरणी काम आर्थिक विषय पाहणाऱ्या राजनैतिक अधिकाऱ्याचे होते. सोव्हिएत संघ कोसळला तसे त्यांनी खाते सोडले. तेव्हा त्यांचा हुद्दा लेफ्टनंट कर्नलचा होता.

चित्रपटांतला हेर डोळ्यांपुढे आणू नये. अशा पदावरच्या माणसाचा बराचसा दिवस स्थानिक वर्तमानपत्रे वाचण्यात, आर्थिक बातम्यांची टिपणे काढण्यात आणि मॉस्कोला अहवाल पाठवण्यात जातो. लंडनची दैनिके त्या काळात त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होती.

पैसा आला कुठून?

बँकेतून, आणि बँकेत तो आला मुख्यतः रोख्यांच्या व्यवहारातून. खाते सोडल्यावर त्यांनी एक छोटी गुंतवणूक कंपनी काढली आणि १९९५ मध्ये नॅशनल रिझर्व्ह बँक ताब्यात घेतली. गावोगावी शाखा काढून ठेवी गोळा करणारी ही बँक नव्हती. तिचा जोर मोठ्या ग्राहकांवर आणि सरकारी कर्जरोख्यांवर होता. गॅझप्रॉमसारखी कंपनी तिच्याशी जोडलेली होती आणि युक्रेनच्या गॅस थकबाकीतून निघालेल्या रोख्यांचा व्यवहारही तिच्याकडे आला.

१९९०च्या दशकात अशा रोख्यांत एवढा पैसा का होता? देश दिवाळखोरीच्या काठावर असला की त्याचे रोखे दर्शनी किमतीच्या खूप खाली विकले जातात. समजा १०० रुपये दर्शनी किमतीचा रोखा बाजारात ३० रुपयांना मिळतो आहे. कर्जदार सरकार पुढे पूर्ण पैसे देणार की नाही, हे ज्याला इतरांच्या आधी नीट उमगते तो ३० चे १०० करतो. ज्याचा अंदाज चुकतो त्याचे ३० ही जातात. आर्थिक माहिती गोळा करण्यात उमेदवारी केलेल्या माणसाला या खेळात उघड फायदा होता. १७ ऑगस्ट १९९८ रोजी रशियाने देशांतर्गत कर्जाची परतफेड थांबवली, तेव्हा इन्कोमबँक, एसबीएस-आग्रो, मेनातेप यांसारख्या मोठ्या बँका बुडाल्या. नॅशनल रिझर्व्ह बँक तरली.

नफा त्यांनी भागभांडवलात वळवला. एरोफ्लोत या सरकारी विमान कंपनीत सुमारे ३० टक्के हिस्सा आणि विमाने भाड्याने देणाऱ्या इल्युशिन फायनान्समधली गुंतवणूक हे त्यातले मोठे डाव. २००८ मध्ये फोर्ब्जने त्यांची संपत्ती सुमारे ३.१ अब्ज डॉलर धरली होती. हा आकडा वाचताना त्यातली अट विसरू नये : संपत्तीचा मोठा भाग अशा कंपनीत अडकला होता जिथे बहुमत रशियन सरकारचे होते. कागदावर अब्जावधी, पण ते विकायचे कधी, कोणाला आणि काय भावाने, हे मालकाच्या एकट्याच्या हातात नव्हते.

बँकर वृत्तपत्राकडे वळला, याची रशियात आधीची उदाहरणे होती का?

होती, आणि शेवट कसा होतो हेही सर्वांना दिसलेले होते. मोस्त बँकेचे व्लादिमीर गुसिन्स्की यांनी 'सिवोद्न्या' हे दैनिक आणि एनटीव्ही वाहिनी उभी केली. जून २००० मध्ये त्यांना अटक झाली आणि एप्रिल २००१ मध्ये वाहिनी गॅझप्रॉमच्या ताब्यात गेली. उद्योगपती बोरिस बेरेझोव्स्की यांच्याकडे गेलेले 'कोमेरसांत' हे दैनिक २००६ मध्ये पोलाद उद्योगातल्या अलिशेर उस्मानोव्ह यांच्याकडे आले. त्याच २००६ मध्ये लेबेदेव यांनी 'नोवाया गझेता'त पैसे घातले. काळ पाहता तो धाडसी निर्णय होता, असे आमचे स्पष्ट मत आहे.

'नोवाया गझेता'त त्यांचा वाटा किती होता?

२००६ च्या व्यवहारात ४९ टक्के भाग विकले गेले. त्यातले ३९ टक्के लेबेदेव यांनी घेतले आणि १० टक्के सोव्हिएत संघाचे शेवटचे अध्यक्ष मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी. उरलेले ५१ टक्के पत्रकार व कर्मचाऱ्यांकडेच राहिले.

या ५१ मुळे सगळा फरक पडला. पैसे देणाऱ्याला संपादक बदलता येत नव्हता, कारण बहुमत संपादकीय विभागाकडे होते. १९९३ मध्ये हे पत्र सुरू झाले तेव्हाच्या संगणकांसाठीही गोर्बाचेव्ह यांनी आपल्या शांतता नोबेलच्या रकमेतून हातभार लावला होता.

किंमत मात्र भयंकर होती. ७ ऑक्टोबर २००६ रोजी या पत्राच्या पत्रकार आन्ना पोलित्कोव्स्काया यांची मॉस्कोतल्या त्यांच्या इमारतीत गोळ्या घालून हत्या झाली. मारेकऱ्यांची माहिती देणाऱ्याला लेबेदेव यांनी २.५ कोटी रूबलचे इनाम जाहीर केले. १९ जानेवारी २००९ रोजी वकील स्तानिस्लाव मार्केलोव्ह यांच्याबरोबर पत्राची तरुण वार्ताहर अनास्तासिया बाबुरोवा मारली गेली, तेव्हा पत्रकारांना स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगू द्यावे अशी जाहीर मागणी त्यांनी केली. त्याच आठवड्यात लंडनमध्ये त्यांच्या पहिल्या ब्रिटिश खरेदीची घोषणा झाली.

मग लेबेदेव यांचे मॉस्कोतले दुसरे पत्र, 'मोस्कोव्स्की कोरेस्पोंदेंत', का बंद पडले?

तिथे कर्मचाऱ्यांचे बहुमत नव्हते. पैसा आणि ताबा दोन्ही लेबेदेव यांच्या गटाकडे होते. एप्रिल २००८ मध्ये या छोट्या दैनिकाने व्लादिमीर पुतिन माजी जिम्नॅस्ट अलीना काबायेवा यांच्याशी विवाह करणार असल्याची अफवा छापली. पुतिन यांनी इटलीतल्या पत्रकार परिषदेत ती खोटी ठरवली आणि काही दिवसांतच दैनिकाचे प्रकाशन थांबले. कारण आर्थिक असल्याचे सांगण्यात आले. एकाच मालकाची दोन पत्रे, पण भागांची रचना वेगळी म्हणून नशीबही वेगळे.

'इव्हनिंग स्टँडर्ड' एका पौंडात मिळाले हे खरे आहे का?

खरे आहे, पण अपुरे आहे. जानेवारी २००९ मध्ये दैनिकाचा तेव्हाचा मालक गट डेली मेल अँड जनरल ट्रस्टने ७५.१ टक्के भाग नाममात्र एका पौंडाला दिले आणि २४.९ टक्के स्वतःकडे ठेवले.

करार कायदेशीर ठरायला काहीतरी मोबदला लागतो म्हणून तो एक पौंड. खरी किंमत त्याच्या मागे असते. १८२७ पासून चालत आलेले हे दैनिक वर्षाला लाखो पौंडांचा तोटा करत होते. विकणाऱ्यापुढे तीन वाटा होत्या : तोटा सोसत राहणे, बंद करणे किंवा फुकटात देणे. बंद करणे सर्वात स्वस्त वाटते, पण तसे नसते. नोकरी गेलेल्या प्रत्येकाची भरपाई, छपाई व कागदाच्या मुदतबंद करारांचे दंड, जागेची भाडी हे सगळे एकदम अंगावर येते. घेणारा एक पौंड देतो आणि उद्यापासूनचा तोटा उचलतो.

'द इंडिपेंडंट'च्या वेळी हे आणखी उघड दिसले. २५ मार्च २०१० रोजी आयर्लंडच्या इंडिपेंडंट न्यूज अँड मीडियाने ते एका पौंडाला दिले आणि वर लेबेदेव यांच्या कंपनीलाच ९२.५ लाख पौंड द्यायचे कबूल केले. पुढची देणी उचलण्याबद्दलची ही रक्कम. म्हणजे विकणाऱ्याने घेणाऱ्याला पैसे दिले.

फुकट वाटून दैनिक चालते कसे?

१२ ऑक्टोबर २००९ पर्यंत 'स्टँडर्ड'ची किंमत ५० पेन्स होती. त्या दिवसापासून ते मोफत झाले आणि अंकसंख्या सुमारे अडीच लाखांवरून सहा लाखांवर नेली गेली. हिशेब असा बसतो :

- ५० पेन्सपैकी विक्रेत्याचा आणि घाऊक वितरकाचा वाटा वजा होतो. न खपलेले परतीचे अंक उचलण्याचा खर्च वेगळा. हजारो दुकानांत थोडे थोडे अंक पोचवणाऱ्या गाड्या हा तर सर्वात मोठा खड्डा. प्रकाशकाच्या हातात किमतीचा लहानसाच तुकडा उरतो.
- मोफत अंक मध्य लंडनमधल्या गर्दीच्या स्टेशनांवर गठ्ठ्याने टाकता येतो. ठिकाणे कमी, परतीचे अंक जवळजवळ नाहीत, त्यामुळे प्रत्येक अंकामागचा वितरणखर्च एकदम खाली येतो.
- जाहिरातीचा दर अंकसंख्येवर आणि वाचक कोण आहे यावर ठरतो. नोकरीवरून घरी परतणारा, कमावता लंडनकर जाहिरातदाराला हवाच असतो.

वेळही अचूक साधली होती. माध्यमसम्राट रूपर्ट मरडॉक यांच्या कंपनीचे मोफत सायंदैनिक 'द लंडन पेपर' सप्टेंबर २००९ मध्ये बंद झाले आणि 'लंडन लाइट' हे दुसरे मोफत दैनिक नोव्हेंबरमध्ये. संध्याकाळचे मैदान मोकळे झाले. २०१२ पर्यंत दैनिक तोट्यातून बाहेर आले.

मग पुढे बिघडले काय?

विक्रीचे उत्पन्न सोडले की सगळा भार एकट्या जाहिरातीवर येतो, आणि जाहिरात स्टेशनवरच्या गर्दीवर टिकलेली असते. भूमिगत रेल्वेत इंटरनेट आले तसे प्रवाशाचे डोळे फोनकडे गेले. कोविडनंतर आठवड्यातले काही दिवस घरून काम सुरू राहिले आणि स्टेशनेच रिकामी झाली. २०२४ च्या पाच-सहा वर्षे आधी साडेआठ लाखांच्या घरात असलेले अंक त्या वर्षी पावणेतीन लाखांवर आले होते. मे २०२४ मध्ये व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांना कळवले की सहा वर्षांत ८.४५ कोटी पौंडांचा तोटा झाला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये दैनिक छापणे थांबले आणि 'द लंडन स्टँडर्ड' या नावाने साप्ताहिक सुरू झाले.

ज्या रचनेने २००९ मध्ये दैनिक वाचवले, तिनेच पुढे त्याला दुसरा आधार उरू दिला नाही. आम्हाला तरीही २००९ चा निर्णय योग्य वाटतो. तो घेतला नसता तर दैनिक आणखी पंधरा वर्षे छापले गेले असते असे म्हणायला आधार नाही.

'द इंडिपेंडंट'ची छपाई बंद झाली म्हणजे तो सौदा फसला का?

नाही. हा भाग बहुतेक लेखांत घाईने उरकला जातो, म्हणून थोडे सविस्तर.

ऑक्टोबर २०१० मध्ये त्याच संपादकीय मजकुरातून आटोपशीर केलेले 'आय' नावाचे दैनिक २० पेन्सला बाजारात आले. बातमी गोळा करण्याचा खर्च आधीच झालेला होता. वाढीव खर्च फक्त नव्या मांडणीचा, कागदाचा आणि वितरणाचा. खप मूळ दैनिकाच्या कितीतरी पुढे गेला. अडचण अशी की स्वस्त भावंडाने महागड्या मूळ पत्राचे काही वाचकही ओढले. १९८६ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झालेल्या 'इंडिपेंडंट'चा छापील खप शेवटी साठ हजारांच्या आत आला होता.

२०१६ मध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. 'आय' जॉन्स्टन प्रेसला सुमारे २.४ कोटी पौंडांना विकले गेले, आणि २६ मार्च २०१६ रोजी 'इंडिपेंडंट'चा शेवटचा छापील अंक निघाला. त्यानंतर फक्त संकेतस्थळ उरले आणि ते नफ्यात आले. एका पौंडात घेतलेल्या पत्राच्या पोटी जन्मलेले 'आय' २०१९ मध्ये ४.९६ कोटी पौंडांना पुन्हा विकले गेले. घेणारा होता डेली मेल अँड जनरल ट्रस्ट, म्हणजे 'स्टँडर्ड' एका पौंडात सोडून देणाराच गट.

भारतीय वाचकांसाठी आणखी एक नोंद : २०१३ मध्ये 'इंडिपेंडंट'च्या संपादकपदी आलेले अमोल राजन यांचा जन्म कोलकात्याचा. तेव्हा ते २९ वर्षांचे होते.

रशियातला बँकेचा धंदा कसा आटला?

टप्प्याटप्प्याने, आणि राजकारणाच्या सावलीत. २००३ मध्ये त्यांनी मॉस्कोचे बलाढ्य महापौर युरी लुझकोव्ह यांच्याविरुद्ध निवडणूक लढवली. सुमारे १२ टक्के मते मिळाली. त्याच वर्षी ते रोदिना पक्षाच्या यादीतून संसदेत गेले आणि २००७ पर्यंत तिथे होते. मधल्या काळात पक्षही बदलले.

२००८ च्या मंदीत रोसिस्की कापिताल ही बुडती बँक सावरण्याचे काम त्यांच्या बँकेकडे आले. बुडती बँक हाती घेण्यातला नेहमीचा धोका म्हणजे आत शिरल्यावरच खड्डा किती खोल आहे ते कळते. पुढे ती बँक सरकारी ठेव विमा संस्थेकडे गेली, पण चौकशी लेबेदेव यांच्या बँकेच्या मागे लागली. नोव्हेंबर २०१० मध्ये बुरखाधारी सशस्त्र पोलिसांनी बँकेच्या कचेरीवर धाड घातली. बँकेचा धंदा विश्वासावर चालतो. असे दृश्य दूरचित्रवाणीवर दिसले की मोठा ग्राहक खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसत नाही, पैसे काढतो. त्यानंतर त्यांनी रशियातला कारभार आवरता घेतला. रेड विंग्ज ही त्यांची विमान कंपनी डिसेंबर २०१२ मधल्या व्नुकोवो विमानतळावरील अपघातानंतर अडचणीत आली आणि २०१३ मध्ये एका रूबलला गेली.

टीव्हीवरच्या मारामारीचे काय झाले?

सप्टेंबर २०११ मध्ये एनटीव्हीवरील चर्चेत त्यांनी बांधकाम व्यावसायिक सेर्गेई पोलोन्स्की यांना ठोसे मारले. आधी गुंडगिरीचा गंभीर आरोप ठेवला गेला, ज्यात काही वर्षांची कैद होऊ शकत होती. तो टिकला नाही. जुलै २०१३ मध्ये मारहाणीबद्दल १५० तासांच्या समाजसेवेची शिक्षा झाली आणि ती त्यांनी रशियातल्या 'तुला' नावाच्या प्रांतात भोगली.

मालक वडील की मुलगा?

ब्रिटनमधला कारभार मुलगा येवगेनी यांच्या नावाने चालतो. जन्म मॉस्को, १९८०, लहानपणापासून लंडनमध्ये, २०१० पासून ब्रिटिश नागरिक. २०२० मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या शिफारशीने ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले. त्यावर सुरक्षेच्या दृष्टीने बरेच आक्षेप घेतले गेले. परराष्ट्रमंत्री असताना एप्रिल २०१८ मध्ये आपण इटलीत अलेक्झांडर लेबेदेव यांना अधिकारी सोबत नसताना भेटलो होतो, हे जॉन्सन यांनी जुलै २०२२ मध्ये संसदेच्या समितीपुढे मान्य केले. मे २०२२ मध्ये कॅनडाने अलेक्झांडर यांच्यावर निर्बंध घातले. ब्रिटनने तेव्हा तसे केले नाही.

एका सौदी गुंतवणूकदाराने 'इंडिपेंडंट' आणि 'स्टँडर्ड'च्या कंपन्यांत घेतलेल्या सुमारे ३० टक्के भागांचाही मुद्दा आहे. २०१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्याची चौकशी सुरू केली, पण स्पर्धा अपील न्यायाधिकरणाने प्रकरण मुदतीबाहेर गेल्याचा निर्णय दिला.

'नोवाया गझेता' आज कुठे आहे?

संपादक दिमित्री मुरातोव्ह यांना २०२१ चे शांतता नोबेल फिलिपिन्सच्या मारिया रेसा यांच्याबरोबर विभागून मिळाले. युक्रेनवरील आक्रमणानंतर सरकारी नियंत्रकाच्या दोन ताकिदी आल्या आणि २८ मार्च २०२२ रोजी पत्राने प्रकाशन थांबवले. सप्टेंबरमध्ये मॉस्कोच्या न्यायालयाने छापील पत्राची नोंदणी रद्द केली. गोर्बाचेव्ह त्याच्या काही दिवस आधीच वारले होते. मुरातोव्ह यांनी आपले नोबेल पदक जून २०२२ मध्ये लिलावात काढले, त्याचे १०.३५ कोटी डॉलर आले आणि ते युनिसेफमार्फत निर्वासित मुलांसाठी दिले गेले.

अशा पत्रांची मालकी स्वतः तपासायची असेल तर?

ब्रिटिश कंपनीसाठी कंपनीज हाउसचे संकेतस्थळ मोफत आहे.

१. दैनिकाच्या संकेतस्थळावर अगदी तळाशी प्रकाशक कंपनीचे पूर्ण नाव आणि क्रमांक शोधा. दैनिकाचे नाव आणि कंपनीचे नाव बहुतेक वेळा वेगळे असते. पहिली चूक इथेच होते.
२. त्या क्रमांकाने शोधून 'लक्षणीय नियंत्रण असलेल्या व्यक्ती' हा विभाग उघडा. मुख्यतः २५ टक्क्यांहून जास्त भाग किंवा मताधिकार असलेले तिथे दिसतात, त्यामुळे २० टक्केवाला तिथे बहुधा सापडणार नाही. तो भागधारकांच्या यादीत पाहावा लागतो.
३. मालक म्हणून दुसरी कंपनी दिसली तर तिचाही क्रमांक घेऊन तेच पुन्हा करा.
४. वार्षिक हिशेबात मालकाने दिलेली कर्जे कुठे नोंदली आहेत ते वाचा. तोटा कोण भरतो ते तिथे कळते, आणि भागांच्या टक्केवारीपेक्षा हे पान जास्त बोलके असते.

मराठी वाचकाला यातले काहीच परके नाही. आपली साप्ताहिके-मासिके वर्षानुवर्षे मार्चच्या अंकात 'फॉर्म ४, नियम ८' हे निवेदन छापत आली आहेत. त्यात मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्यांची नावे असतात. बहुतेकजण ते पान न वाचता उलटतात. मर्यादा २५ ऐवजी एक टक्का असल्याने ते निवेदन ब्रिटिश नोंदीपेक्षा जास्त सांगते.

असा परदेशी बँकर एखादे मराठी दैनिक विकत घेऊ शकेल का?

नाही. बातम्या आणि चालू घडामोडी छापणाऱ्या भारतीय पत्रांत थेट परकीय गुंतवणुकीला २६ टक्क्यांची मर्यादा आहे आणि तेवढीही सरकारच्या पूर्वपरवानगीने. २००२ मध्ये हे दार उघडले तेव्हापासून तीनचतुर्थांश संचालक आणि संपादकीय जबाबदारीची माणसे निवासी भारतीय असावीत अशी अटही आहे. २०१९ पासून डिजिटल बातम्यांनाही २६ टक्क्यांची मर्यादा लागू झाली. ७५.१ टक्के एका पौंडाला, हा सौदा मुंबई-पुण्यात कागदावर येण्याआधीच अडला असता. देशातल्या देशात बांधकाम, साखर किंवा इतर धंद्यातल्या पैशाला मात्र अशी टक्केवारीची आडकाठी नाही. तिथे फॉर्म ४ आणि ताळेबंद वाचणे हाच उपाय.